किती बंद, आणि किती वेळात?

राहाता तालुक्यात लोणी आणि प्रवरानगर ही दोन गावे एकमेकांना खेटून आहेत. लोणीत प्रवरा संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दंत महाविद्यालयही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने उभारलेला सहकारी साखर कारखाना आहे. त्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. जवळच राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तिथून शेतकऱ्यांना हवामानाचे सल्ले जातात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या एवढ्याशा पट्ट्यात चार शास्त्रे शेजारी नांदतात, आणि चौघांच्याही पुस्तकांत ऑक्लूजन हा शब्द येतो, पण चार वेगळ्या अर्थांनी. डॉक्टरांच्या लेखी ती बंद पडलेली रक्तवाहिनी. दंतवैद्याच्या लेखी वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसण्याची रीत. हवामानशास्त्रात तो वादळाच्या आयुष्यातला एक टप्पा, ज्यात उबदार हवा जमिनीपासून सुटून वर उचलली जाते. रसायनशास्त्रात वाढत्या स्फटिकाच्या पोटात परके द्रव्य कोंडले जाणे. या अर्थांचा आढावा घेताना मला एकच गोष्ट मांडायची आहे. चारही शास्त्रांनी सुरुवातीला याकडे एक चित्र म्हणून, एक स्थिर अवस्था म्हणून पाहिले. आणि चारही ठिकाणी खरी समज आली ती ही काळात घडणारी क्रिया आहे हे ध्यानात आल्यावर. किती बंद झाले, या प्रश्नाइतकाच आणि पुष्कळदा त्याहूनही मोलाचा प्रश्न असतो: किती वेळात बंद झाले, आणि कोंडले गेले त्याचे पुढे काय झाले?

हृदयापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण तिथे या प्रश्नावर माणसाचा जीव अवलंबून असतो. ‘नव्वद टक्के ब्लॉकेज’ हे शब्द आता खेडोपाडी पोचले आहेत. अँजिओग्राफीच्या पडद्यावर रक्तवाहिनीची काळी रेघ एका जागी बारीक झालेली दिसते, त्या जागेला टक्केवारी मिळते आणि घरचे लोक त्या आकड्यावरून धोका मोजू लागतात. पण हा आकडा एका क्षणाचे चित्र आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत समज असा होता की हृदयाची मोठी रक्तवाहिनी अचानक बंद झाली की माणूस जागीच जातो. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली दाखवले की असे रुग्ण तासन्‌तास, दिवसेन्‌दिवस, कधी त्याहूनही अधिक जगतात. म्हणजे बंद पडणे आणि हृदयाचे स्नायू मरणे यांच्यामध्ये काळ असतो. तो किती, हे १९७७ साली रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत मोजले. रक्तवाहिनी ४० मिनिटे दाबून धरली तर धोक्यात आलेल्या स्नायूंपैकी सुमारे ३८ टक्के मेले, ३ तासांत ५७ टक्के, ६ तासांत ७१ टक्के. ब्लॉकेज प्रत्येक वेळी शंभर टक्केच होते, बदलला तो फक्त वेळ. मृत्यू स्नायूच्या आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे सरकत जातो आणि वाटेत कुठेही त्याला थांबवता येते. हृदयविकाराच्या झटक्यात घाई का करायची, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

याच प्राण्यांवर उलटा प्रयोगही झालेला आहे. पाणी शोषून हळूहळू फुगणारे कडे रक्तवाहिनीभोवती बसवले, तर ती दोन-तीन आठवड्यांत पूर्ण बंद होते, आणि तरीही हृदयाचा फार थोडा भाग मरतो, कधी अजिबात मरत नाही. मधल्या काळात शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन रक्त दुसऱ्या बाजूने पोचवू लागतात. भंडारदऱ्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे समजायला अवघड नाही: मुख्य पाट एका रात्रीत फुटला तर पीक जाते, पण तो वर्षानुवर्षे गाळाने भरत आला असेल तर लोकांनी चाऱ्या आधीच वळवून घेतलेल्या असतात. गिनिपिगच्या हृदयात अशा आडवाटा जन्मतःच इतक्या भरपूर असतात की एक रक्तवाहिनी बांधली तरी त्याला झटका येत नाही. माणसामाणसांत हे प्रमाण फार वेगळे असते, म्हणून एकाच टक्केवारीचे दोन रुग्ण एकाच धोक्यात नसतात. शिवाय जी जागा झटक्याच्या दिवशी बंद पडते, ती पुष्कळदा आधीच्या तपासणीत फारशी अरुंद नसते. तिथला मेदाचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत वाहिनी मिटते. इस्केमिया या नावाच्या मोठ्या चाचणीत ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात भारतातलेही रुग्ण होते, आणि २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखणे स्थिर असलेल्या रुग्णांना औषधांबरोबर लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके एकूणात कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे मात्र कमी झाले. मुख्य डाव्या रक्तवाहिनीचा आजार असलेले लोक या चाचणीत नव्हते, हे विसरता कामा नये. पण अचानक आलेल्या झटक्यात तीच अँजिओप्लास्टी जीव वाचवते. शस्त्र तेच, रक्तवाहिनी तीच. लाभ ठरतो तो बंद पडण्याच्या वेगावर.

इथे ईसीजीचा मुद्दा घ्यायलाच हवा, कारण चित्रावर विसंबण्याची किंमत तिथे दिसते. ईसीजीत विशिष्ट भाग उचललेला दिसला की तो मोठा झटका आणि रुग्णाला तातडीने कॅथलॅबमध्ये न्यायचे. दिसला नाही की तो छोटा झटका आणि थोडे थांबता येते, अशी विभागणी अनेक वर्षे चालत आली आहे. प्रत्यक्षात या ‘छोट्या’ गटातल्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांची रक्तवाहिनी पुढे अँजिओग्राफीत पूर्ण बंद सापडते. म्हणूनच अलीकडे काही डॉक्टर आग्रह धरतात की झटक्याचे नाव ईसीजीच्या रेघेवरून न ठेवता रक्तवाहिनी खरोखर बंद आहे की नाही यावरून ठेवावे. मला हा आग्रह योग्य वाटतो. मेंदूच्या बाबतीत शास्त्र या दिशेने आधीच पुढे गेले आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत सामान्यतः साडेचार तासांची. पण आडवाटांनी मेंदूला रक्त पुरत असेल तर निवडक रुग्णांत गुठळी तारेने काढण्याचा लाभ २४ तासांपर्यंत मिळतो, हे २०१८ च्या डॉन या चाचणीने दाखवले. घड्याळ एकच असले तरी प्रत्येक मेंदूत ते वेगळ्या गतीने चालते. डोळ्याच्या दवाखान्यात तर बंद करणे हाच उपचार असतो: मंद दृष्टीच्या मुलाचा चांगला डोळा रोज काही वेळ पट्टीने झाकतात, म्हणजे मेंदूला दुसरा डोळा वापरावा लागतो. मध्यम प्रमाणात दोष असेल तर दिवसाला २ तासांची पट्टी ६ तासांइतकाच गुण देते, असे २००३ च्या अभ्यासात दिसले. वय मात्र हातात हवे. सातव्या वर्षाच्या आत गुण चांगला येतो.

दंतवैद्यकात हा शब्द उलटे वळण घेतो. तिथे बंद होणे हा आजार नसून आरोग्य आहे: तोंड मिटल्यावर दात दातांवर नीट बसले पाहिजेत. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वरच्या पहिल्या दाढेचे टोक खालच्या पहिल्या दाढेच्या खाचेत कुठे बसते यावरून तीन वर्ग पाडले, आणि आजही दंत महाविद्यालयातला विद्यार्थी तेच शिकून सुरुवात करतो. पण अँगल यांचे वर्गही चित्रच आहेत, मिटलेल्या तोंडाचे. त्या चित्राच्या जोरावर पुढे बराच काळ असे मानले गेले की जबड्याच्या सांध्याचे दुखणे दात वाकडे बसल्यामुळे होते, आणि अनेकांचे दात घासून ‘जुळवले’ गेले. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात अशा घासण्याने दुखणे बरे होते किंवा टळते असा पुरावा सापडला नाही. कारण उघड आहे. वर्षानुवर्षे सावकाश बदलत आलेली दातांची बैठक सांधा, स्नायू आणि दातांची मुळे सांभाळून घेतात. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला आणि जवळच्या नेवाशाला ताम्रपाषाण युगातल्या माणसांचे सांगाडे सापडले आहेत. दगडावर भरडलेल्या धान्यात कच येणारच, आणि असे भरड अन्न खाणाऱ्या समाजांत दाढा झिजून सपाट होत. झिजलेला दात हिरडीतून थोडा थोडा वर येऊन ती उणीव भरत राहतो. रेमंड बेग यांनी १९५४ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या दातांवरून हीच गोष्ट मांडली होती.

याच्या उलट अचानक झालेला बदल पाहा. दाढेत सिमेंट भरले आणि ते केसभर उंच राहिले, तर त्या रात्री दात दुखतो, गार पाणी सोसत नाही, त्या बाजूने घास चावता येत नाही. म्हणून दंतवैद्य निळा किंवा लाल कागदाचा तुकडा दातांमध्ये ठेवून ‘चावा, आता बाजूला घासा’ असे सांगतो. उंच जागी गडद ठिपका उमटतो आणि तेवढेच घासून काढले जाते. नैसर्गिक दातांना एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा पातळ पत्राही कळतो, इतकी ही जाणीव बारीक असते. आणि एखादी दाढ काढून ती जागा मोकळी सोडली, तर समोरची दाढ काही महिन्या-वर्षांत त्या खळग्यात उतरू लागते, शेजारची कलते, आणि मग कृत्रिम दात बसवायलाही जागा उरत नाही. किडलेली दाढ काढून टाकली की प्रश्न संपला असे समजणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. दंतवैद्यकातली काळाची ही बाजू त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, याची मला खंत वाटते.

कारखान्यात वेगाचा हिशोब डोळ्यांसमोर चालतो. उसाचा रस शुद्ध करून, आटवून तो निर्वात पॅनमध्ये उकळतात, आणि पाकात साखरेचा दाणा धरतो. पॅनवरचा माणूस मधूनमधून सळईने थोडा नमुना काढून काचेवर पसरतो आणि उजेडात धरून दाणा पाहतो: सारखा आहे का, कडा धारदार आहेत का, मध्येच बारीक खोटा दाणा तर उठला नाही ना. पाक फार घट्ट करून दाणा घाईने वाढवला तर तो आपल्याभोवतीचा मळकट द्रव बाजूला सारायला वेळ न मिळता तसाच पोटात घेतो, किंवा दोन-तीन दाणे चिकटतात आणि त्यांच्यामध्ये पाक अडकतो. पुढे सेंट्रिफ्युगलमध्ये पाण्याने आणि वाफेने दाणा धुतला जातो, पण धुण्याने पृष्ठभागावरची मळी निघते, आतली नाही. आतली काढायची तर साखर पुन्हा विरघळवून पुन्हा दाणा धरावा लागतो. बाजारात एम-३० आणि एस-३० असे जे भाव लागतात, त्यातले अक्षर दाण्याच्या आकाराचे आणि आकडा रंगाचा; तो रंग बराचसा पॅनमधल्या संयमावर ठरतो. त्याआधी शेतातही काळ असतो. तोडलेला ऊस गव्हाणीत पडण्याआधी दिवसेन्‌दिवस उन्हात राहिला तर त्यात जिवाणू वाढतात, डेक्स्ट्रान हे चिकट द्रव्य तयार होते, पाक घट्ट आणि चिकट होतो, दाणा लांबट होतो. प्रयोगशाळेत बेरियम सल्फेटचा साका मोजणारा विद्यार्थी हेच शिकतो: द्रावण विरळ आणि गरम ठेवा, दुसरे द्रावण थेंबाथेंबाने घाला, साका काही काळ तसाच ठेवून मग गाळा, नाहीतर परके क्षार आत कोंडून वजन चुकेल.

रसायनशास्त्रात हा शब्द रूढ केला थॉमस ग्रॅहॅम यांनी, १८६६ साली, पॅलेडियम धातू हायड्रोजन वायू मोठ्या प्रमाणात शोषतो हे पाहून. धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट वायू पोटात घेतो. त्यांना वाटले वायू धातूत कोंडला गेला. पुढे कळले की हायड्रोजन तिथे निपचित पडून नसतो, तो अणू अणू होऊन धातूच्या जाळीत फिरत असतो आणि योग्य तापमान-दाबाला बाहेरही येतो. अतिशुद्ध हायड्रोजन मिळवण्यासाठी आज पॅलेडियमच्या पातळ पडद्यांचा उपयोग होतो तो यामुळेच. दख्खनच्या काळ्या खडकात विहिरी खणताना पांढरे, काचेसारखे स्फटिक निघतात, ते पुष्कळदा झिओलाइटचे असतात. त्यांच्या आतल्या बोगद्यांत पाणी धरलेले असते. तापवले की ते निघून जाते, दमट हवेत पुन्हा भरते, आणि स्फटिकाचा सांगाडा तसाच राहतो. एका पदार्थात कोंडमारा कायमचा, दुसऱ्यात येणे-जाणे. दोन्हीला एकाच नावाने हाक मारून भागत नाही. आत गेलेले परत येते का, हे विचारावे लागते.

हवामानाकडे वळताना एक गैरसमज आधी बाजूला करायला हवा. सह्याद्री ढग अडवतो, असे आपण सहज म्हणतो, आणि अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस पडत असताना अहिल्यानगर शहराला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते, त्याचे कारण ही भिंत असे मानतो. पण हवा अडत नाही. ती डोंगर चढते, थंड होते, पाणी टाकते, आणि तीच हवा पलीकडे उतरताना तापते व कोरडी पडते. हे ऑक्लूजन नव्हे, पर्जन्यछाया आहे. खरे ऑक्लूजन समशीतोष्ण प्रदेशातल्या वादळांत असते. नॉर्वेतल्या बर्गेनच्या शास्त्रज्ञांनी, याकोब ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९१९ ते १९२२ च्या दरम्यान हे मांडले: थंड हवेची आघाडी उबदार हवेच्या आघाडीला गाठते, मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते, आणि इथून वादळ मावळू लागते. नकाशावर त्यासाठी जांभळी रेघ काढतात. हे चित्र इतके सुबक होते की नव्वद वर्षे ते पाठ्यपुस्तकांत राहिले. २०११ साली शुल्ट्झ आणि वॉन यांनी ते तपासले, तेव्हा दिसले की एकाने दुसऱ्याला गाठणे हे मूळ कारण नाही. वादळाच्या फिरण्याने थंड-उबदार हवेची पट्टी केंद्राभोवती गुंडाळली जाते, आणि ऑक्लूजनानंतरही अनेक वादळे काही काळ अधिक जोरदार होत जातात. इथेही चित्र मागे पडून क्रिया पुढे आली.

हे वादळ आपल्या जिल्ह्याचे नाही, असे कोणी म्हणेल. मोसमी पावसात अशा आघाड्या नसतात, हे खरे. पण हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ भारतात पोचेपर्यंत बहुधा ऑक्लूड झालेले असतात, असे पी. आर. पिशारोटी आणि बी. एन. देसाई यांनी १९५६ सालीच मांडले होते. पिशारोटी पुढे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. अशा विक्षोभाची जमिनीवरची रेघ इथवर क्वचितच येते, मात्र वरच्या हवेतली थंड पन्हळ दक्षिणेकडे झुकते आणि खालून समुद्रावरची दमट हवा येऊन मिळते, तेव्हा गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात दिवसांमागून दिवस गारपीट झाली आणि काढणीला आलेला गहू, हरभरा, कांदा, फळबागा झोपल्या. जमिनीपासून उचलली गेलेली हवा नाहीशी होत नसते, तिचे काम वर चालू असते.

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो असा की हा निव्वळ शब्दाचा योगायोग आहे. हृदयातली गुठळी आणि साखरेचा दाणा यांना एका सूत्रात ओवणे म्हणजे शब्दाच्या मागे धावणे. या चार घटनांमागे भौतिकशास्त्राचा एकच नियम आहे असा माझा दावा नाही, आणि तसा नियम नाहीच. हवामानात वेगाचा हिशोब हृदयातल्यासारखा लागू होत नाही. माझा दावा चुकीच्या प्रकाराबद्दल आहे. चारही ठिकाणी सुबक चित्राने शास्त्रज्ञांना अनेक वर्षे पुरेशा उत्तराचा भास दिला, आणि चारही ठिकाणी सुधारणा काळ मोजल्यावर झाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चित्राशिवाय काम कसे चालेल? अँजिओग्राफीशिवाय स्टेंट बसत नाही, अँगलच्या वर्गांशिवाय तार लावता येत नाही, जांभळ्या रेघेशिवाय नकाशा वाचता येत नाही. हे मान्य आहे. चित्र नाव द्यायला लागते. पण काय करायचे हा निर्णय नावावरून घेतला की घोटाळा होतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सावकाश बंद झालेली वाहिनी निभावून नेता येते, असे लिहिले की वाचणारा छातीतल्या दुखण्याकडे काणाडोळा करेल. त्याला उत्तर पुराव्यातच आहे. हळूहळू बंद झालेली वाहिनीही हृदय दुबळे करते, चालताना दम लावते, आणि तिला औषधोपचार लागतातच. शिवाय दुखणे नवे आहे की जुने, वेगाने वाढते आहे की स्थिर, हे घरी बसून ठरवता येत नाही. नवे दुखणे, वाढते दुखणे आणि बसल्याजागी येणारे दुखणे अचानक बंद पडण्याचेच समजावे.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला एक विनंती. छातीत दडपण येऊन घाम सुटला, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर १०८ ला फोन करताना सुरुवात किती वाजता झाली ती वेळ कागदावर लिहून ठेवा. त्रास झोपेतून उठताना ध्यानात आला, तर माणूस आदल्या रात्री शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहा. जुने रिपोर्ट शोधण्यात वेळ घालवू नका. ते मागाहून आणता येतात.